कॉलबॅकचा फोन येतो, पण जोडणी होत नाही: लिनक्सवरच्या डायल-अपचं दुखणं कुठे शोधायचं

लक्षण असं. पंपघरातला संगणक ऑफिसच्या सर्व्हरला फोन लावतो. सर्व्हर उचलतो, नाव ओळखतो, फोन ठेवतो आणि ठरल्याप्रमाणे उलटा फोन करतो. पंपघरात घंटी वाजते आणि वाजतच राहते, तिथला मोडेम (संगणकाला फोनच्या तारेशी जोडणारं यंत्र) फोन उचलत नाही. कधी उचलतो, शिट्टीचा आवाज येतो आणि मध्येच सगळं थंड पडतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये फक्त ‘नो कॅरियर’, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर (कॅरियर) मिळत नाही, एवढंच.

एका उपसा सिंचन योजनेवर हे दुखणं मी तीन वेळा निस्तरलं. तिन्ही वेळा लक्षण तेच होतं आणि कारण मात्र दर वेळी वेगळं निघालं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. पंपघर नदीच्या अंगाला, खोलगटात आहे. मोबाइलला रेंज मिळवायची तर चढावरच्या मारुतीच्या देवळापर्यंत जावं लागतं. टेलिफोनची तार मात्र पंपघरात जुनी आहे आणि चालते. पंप किती तास चालले, दाब किती होता, वीज केव्हा गेली, या दिवसभराच्या नोंदी रात्री ऑफिसला पोहोचल्या पाहिजेत, कारण शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्या आणि पट्टी त्यावरून ठरते. एक रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात भांडण ठरलेलं.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. मशीनवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

कॉलबॅक म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मिस्ड कॉल दिला की पलीकडचा उलटा फोन करतो, तेच हे. ऑफिसच्या सर्व्हरवर एमगेटी नावाचा प्रोग्राम मोडेमवर लक्ष ठेवून असतो. घंटी वाजली की तो स्वतः ‘एटीए’ ही मोडेमची आज्ञा पाठवून फोन उचलतो आणि लॉगिन विचारतो. आलेलं नाव तो आपल्या लॉगिन डॉट कॉन्फिग या फाइलमध्ये वरून खाली शोधतो. आपण तिथे पंपघराच्या नावासमोर नेहमीच्या लॉगिनऐवजी एमगेटीबरोबरच येणारा ‘कॉलबॅक’ हा प्रोग्राम आणि पंपघराचा फोन नंबर लिहिलेला असतो. तो प्रोग्राम लाइन सोडतो, त्या नंबरला फोन लावतो आणि जोडणी झाली की पुन्हा लॉगिन विचारतो. या दुसऱ्या वेळी पंपघर दुसरं नाव देतं आणि मग पीपीपीडी, म्हणजे फोनच्या लाइनवर पीपीपी पद्धतीनं नेटवर्क चालवणारा प्रोग्राम, सुरू होऊन दोन्ही मशीन नेटवर्कवर येतात.

‘दुसरं नाव’ हे नीट लक्षात ठेवा. दोन्ही वेळा एकच नाव दिलंत तर सर्व्हर पुन्हा फोन ठेवून पुन्हा उलटा फोन करील आणि हे चक्र सकाळपर्यंत चालेल. बिल येईल तेव्हा कळेल.

आता मुद्दा. ही तक्रार आली की बहुतेक जण थेट पीपीपीच्या सेटिंगमध्ये शिरतात: आयपी पत्ते, पासवर्ड, पॅप की चॅप (पासवर्ड तपासायच्या दोन पद्धती). तिथे काही बिघडलेलं नसतं. तिथवर गाडी पोहोचलेलीच नसते. पहिला फोन तुटतो आणि दुसरा लागतो, त्यामधलं अर्धं-एक मिनिट हीच खरी जागा. एवढ्या वेळात पंपघराच्या मोडेमनं लाइन सोडायला हवी पण संगणकानं पोर्ट (मोडेम जोडलेली खाच) सोडता कामा नये, फोन लावणाऱ्या स्क्रिप्टनं जोडणी तुटल्याचं मनावर न घेता थांबायला हवं, टेलिफोन एक्स्चेंजनं जुना कॉल मोकळा करायला हवा आणि सर्व्हरनं त्यानंतरच डायल करायला हवं. चारपैकी एकही गोष्ट हुकली की घंटी वाजत राहते.

आधी हातानं करून बघा

स्क्रिप्टला हात लावण्याआधी पंपघराच्या मशीनवर मिनिकॉम (मोडेमला हातानं आज्ञा द्यायचा प्रोग्राम) उघडा आणि तेच काम स्वतः करा. ‘एटी झेड’ द्या, ‘ओके’ आलं की ‘एटीडीटी’ आणि ऑफिसचा नंबर. ‘कनेक्ट’ येईल, लॉगिन विचारलं जाईल, कॉलबॅकचं नाव टाइप करा. काही क्षणांत ‘नो कॅरियर’ उमटेल. इथे घाबरून काही दाबू नका, हात बाजूला ठेवून थांबा. ‘रिंग’ आलं की ‘एटीए’ टाइप करून एंटर. पुन्हा ‘कनेक्ट’, पुन्हा लॉगिन.

हे सगळं हातानं जमलं तर तार, एक्स्चेंज, दोन्ही मोडेम आणि सर्व्हरचा कॉलबॅक निर्दोष आहेत. दोष तुमच्या स्क्रिप्टमध्ये किंवा पोर्टच्या सेटिंगमध्ये आहे. हातानंही जमलं नाही तर स्क्रिप्ट विसरा आणि लाइनच्या मागे लागा. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण शोधाचं क्षेत्र निम्म्यावर येतं. मी पहिल्या वेळी हे केलं नाही आणि दोन रात्री पीपीपीचे पर्याय बदलत बसलो.

पहिली वेळ: दिवे

मोडेम बाहेरचा, दिवेवाला असेल तर ते दिवे कुठल्याही लॉगपेक्षा लवकर सांगतात. ‘ओएच’ म्हणजे रिसीव्हर उचललेला, ‘सीडी’ म्हणजे पलीकडचा कॅरियर मिळाला, ‘टीआर’ म्हणजे संगणकानं पोर्ट उघडून धरलं आहे, ‘एए’ म्हणजे मोडेम आपोआप उचलायला तयार आहे.

पंपघरावरच्या ऑपरेटर काकांना मी सांगितलं होतं की रात्री फोन सुरू झाला की फक्त दिवे बघा आणि कोणता केव्हा विझला ते क्रमानं लिहा. दुसऱ्या दिवशी देवळापाशी येऊन त्यांनी फोन केला आणि तासनोंदीच्या कागदामागे लिहिलेलं वाचून दाखवलं: “साहेब, आधी सीडी गेला. मग लगेच टीआर गेला, त्याच्याबरोबर एए पण गेला. मग दिवे तसेच, आणि जरा वेळानं घंटी आठ वेळा वाजली. कुणी उचलली नाही.”

निदान या चार वाक्यांत आलं. सीडी जाणं बरोबरच आहे, पहिला फोन तुटला. पण त्यापाठोपाठ टीआर गेला याचा अर्थ संगणकावरच्या प्रोग्रामनं पोर्ट सोडून दिलं. मोडेमवर ‘&डी२’ हे सेटिंग असेल, आणि बहुतेकांवर तेच असतं, तर टीआर गेल्यावर मोडेम फोन ठेवतो आणि आपोआप उचलणंही बंद करतो. मग घंटी आठ वेळा वाजो की ऐंशी वेळा.

पोर्ट सोडलं कुणी? चॅट स्क्रिप्टनं. चॅट म्हणजे मोडेमकडून कोणता शब्द आला की काय पाठवायचं, हे स्क्रिप्टमधून वाचून करणारा छोटा प्रोग्राम. जोडणीच्या प्रत्येक नमुना स्क्रिप्टमध्ये वरच्या ओळींत ‘अबॉर्ट’ शब्दांची, म्हणजे जे दिसताच काम सोडायचं त्या शब्दांची, यादी असते: बिझी, नो डायलटोन, नो कॅरियर. साध्या डायल-अपला हे योग्यच आहे. पण कॉलबॅकमध्ये ‘नो कॅरियर’ हा बिघाड नाही, ठरलेला टप्पा आहे. सर्व्हरनं फोन ठेवला, मोडेमनं ‘नो कॅरियर’ म्हटलं, चॅटनं यादीत बघितलं आणि काम सोडून निघून गेलं. त्यामागोमाग पीपीपीडीही बाहेर पडला आणि पोर्ट बंद झालं.

लॉगमध्ये याची खूण नेमकी सापडते. चॅटला ‘-व्ही’ द्या म्हणजे तो प्रत्येक शब्द सिस्लॉगमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदवहीत, लिहितो. वेळ संपली म्हणून बाहेर पडला तर त्याचा एक्झिट कोड (बाहेर पडताना दिलेला आकडा) ३ असतो. अबॉर्ट यादीतला पहिला शब्द दिसला म्हणून पडला तर ४, दुसरा दिसला तर ५, असं पुढे. आमच्या यादीत नो कॅरियर तिसरा होता, आणि कोड ६ मिळाला. पीपीपीडी स्वतः अशा वेळी ८ या कोडनं बाहेर पडतो, म्हणजे जोडणीची स्क्रिप्ट फसली.

उपाय: पहिल्या लॉगिनचं नाव पाठवून झालं की लगेच पुढच्या ओळीत ‘सीएलआर_अबॉर्ट’ लिहून नो कॅरियर त्या यादीतून काढा. मग तोच शब्द येण्याची वाट बघायची. तो आला की काहीच पाठवायचं नाही, पण ‘काहीच नाही’ हेसुद्धा चॅटला सांगावं लागतं, नाहीतर तो सवयीनं एक एंटर पाठवतो. त्यासाठी उलटी तिरकी रेघ आणि सी. पुढे ‘रिंग’ची वाट, उत्तरात ‘एटीए’, ‘कनेक्ट’ची वाट, लॉगिन, दुसरं नाव, पासवर्ड. चॅट मुळात ४५ सेकंदच थांबतो. रिंगच्या आधी ‘टाइमआउट’ १२० करा, नाहीतर सर्व्हरनं डायल करेपर्यंत हा कंटाळून गेलेला असेल.

इथे एक गोष्ट चांगली आहे. पीपीपीडीच्या ‘कनेक्ट’ पर्यायातून चॅट चालवला तर स्क्रिप्ट चालू असेपर्यंत पोर्ट कॅरियरकडे दुर्लक्ष करतं. म्हणून मधल्या काळात सीडी गेली तरी स्क्रिप्ट मरत नाही. चॅट आधी वेगळा चालवून मग पीपीपीडी सुरू करणाऱ्या घरगुती शेल स्क्रिप्ट मी बघितल्या आहेत. त्यांना ही सोय मिळत नाही. तसं करू नका.

हे केलं आणि घंटी उचलली गेली. पण मग दुसरं लक्षण निघालं: उचलतो, शिट्टी वाजते, मध्येच थंड. याचं कारण शोधायला मला आणखी एक संध्याकाळ लागली. दोन मोडेम एकमेकांशी जुळवून घेत असताना संगणकाकडून एक अक्षर जरी मोडेमला गेलं तरी तो प्रयत्न सोडून देतो. आम्ही मोडेममध्ये ‘एस०=१’ लावून ठेवलं होतं, म्हणजे पहिल्या घंटीला तो स्वतःच उचलायचा, आणि स्क्रिप्टही ‘रिंग’ बघून ‘एटीए’ पाठवायची. मोडेम बोलणी सुरू करायचा आणि त्याच क्षणी आमची ती तीन अक्षरं जाऊन बोलणी मोडायची. दोन्हीपैकी एकच ठेवा. मी ‘एस०=०’ आणि स्क्रिप्टमधला ‘एटीए’ ठेवतो, कारण मग एरवी गावातल्या कुणी पंपघराला बोलण्यासाठी फोन केला तर मोडेम मध्ये तोंड घालत नाही.

हेच अक्षराचं प्रकरण आजकालच्या लिनक्सवर दुसऱ्या दोन वाटांनी येतं. कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) कन्सोल सिरियल पोर्टवर लावलेला असेल तर सिस्टिमडी, म्हणजे सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम, त्या पोर्टवर आपणहून एक लॉगिन बसवतो. मग एकाच पोर्टवर दोघे वाचायला बसतात आणि अर्धी अक्षरं याला, अर्धी त्याला. आणि यूएसबी मोडेम असेल तर मोडेममॅनेजर नावाची सेवा तो कसला आहे हे बघायला स्वतःच त्याला ‘एटी’च्या आज्ञा पाठवते. पंपघराच्या मशीनवर या सेवेचं काही काम नाही, ती काढून टाका. यूएसबी मोडेमचं नाव रीबूटनंतर शून्याचं एक होऊ शकतं, म्हणून सिरियल फोल्डरातल्या बाय-आयडीखालचं कायमचं नाव वापरा.

दुसरी वेळ: पावसाळा आणि एस१०

साधारण दोन वर्षं नीट चाललं. मग एका पावसाळ्यात लाइनवर खरखर सुरू झाली. वादळी रात्री जोडणी मध्येच तुटायची. लाइनमन येऊन डीपी बॉक्समधला गंजलेला जोड बदलून गेले, रोझेटमधली तारही नवीन केली, पण तोवर पंपघरावर आलेल्या दुसऱ्या एका तंत्रज्ञानं आपल्या परीनं एक इलाज करून ठेवला होता. त्यानं मोडेमचं ‘एस१०’ वाढवून सेव्ह केलं होतं.

एस१० म्हणजे कॅरियर गेल्यावर किती वेळ कळ काढायची. आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. बऱ्याच मोडेममध्ये मूळ किंमत १४, म्हणजे १.४ सेकंद. खरखरीच्या लाइनवर तो वाढवणं चुकीचं नाही. क्षणभर आवाज गेला तरी मोडेम फोन ठेवत नाही. पण तिथे २०० लिहिलं होतं. म्हणजे सर्व्हरनं फोन ठेवल्यावरही पंपघराचा मोडेम वीस सेकंद रिसीव्हर कानाला लावून बसायचा. तेवढ्यात सर्व्हर उलटा फोन करायचा आणि त्याला एंगेज टोन मिळायचा. २५५ लिहिलं असतं तर मोडेमनं कॅरियर गेल्याचं मानलंच नसतं आणि तो तसाच बसून राहिला असता.

त्यातच पंपघराच्या पीपीपीडीला ‘पर्सिस्ट’ दिलेलं होतं. पहिला प्रयत्न फसला की तो ३० सेकंद थांबून पुन्हा ऑफिसला फोन लावायचा, आणि सर्व्हरही नेमका तेव्हाच पुन्हा पंपघराला लावत असायचा. दोघं एकाच वेळी एकमेकांना फोन लावतात आणि दोघांनाही एंगेज मिळतं, हा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे. माणसांमध्ये कुणीतरी एक थांबतो, मशीन थांबत नाहीत. ‘होल्डऑफ’ (पुन्हा लावण्याआधी थांबायचे सेकंद) १८० केलं, एस१० खाली ३० वर आणलं, ‘&डब्ल्यू’नं सेव्ह केलं. त्या रात्रीपासून पुन्हा सुरळीत.

इथून शिकून मी एक केलं: मोडेमच्या साठवलेल्या सेटिंगवर विसंबणं सोडलं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘&एफ’नं कारखान्याची सेटिंग आणायची आणि लागतील त्या किमती तिथेच लिहायच्या: ‘&सी१’, ‘&डी२’, ‘एस०=०’, ‘एस१०=३०’. मग मोडेममध्ये कुणी काय सेव्ह केलं याची काळजी राहत नाही. ‘&सी१’ विसरू नका. ‘&सी०’ असेल तर सीडी कायम लागलेली दिसते आणि फोन तुटला हे संगणकाला कळतच नाही.

सर्व्हरची बाजू: लाइन खरंच सुटली का?

आता जरा गंभीर गोष्ट. आपण फोन उचलला आणि आपणच आधी ठेवला, पण फोन करणाऱ्यानं ठेवला नाही, तर बऱ्याच एक्स्चेंजमध्ये कॉल लगेच मोकळा होत नाही. काही वेळानं रिसीव्हर पुन्हा उचलला तर तोच माणूस पलीकडे असतो. जुन्या फोनवर दुसऱ्या खोलीत जाऊन एक्स्टेंशन उचलायचो तेव्हा याच गुणामुळे बोलणं पुढे चालू राहायचं.

कॉलबॅकला याचा धोका आहे. कुणी परका माणूस सर्व्हरला फोन करील, पंपघराचं नाव देईल आणि सर्व्हरनं फोन ठेवला तरी स्वतः ठेवणार नाही. वर डायल टोनचा आवाज वाजवत बसेल. सर्व्हरचा मोडेम त्याच लाइनवर रिसीव्हर उचलतो, टोन ऐकतो, पंपघराचा नंबर फिरवतो आणि जोडला जातो त्या परक्यालाच. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र ‘पंपघराला फोन लागला’ असं दिसतं. म्हणून फक्त नंबर ठरलेला आहे यावर भिस्त ठेवू नका. दुसऱ्या लॉगिनला खरा पासवर्ड हवाच, आणि शक्य असेल तर उलटा फोन वेगळ्या लाइनवरून, वेगळ्या मोडेमनं करा.

पुष्कळ जण लाइन मोकळी व्हायला वेळ मिळावा म्हणून नंबराआधी तीन-चार स्वल्पविराम टाकतात. प्रत्येक स्वल्पविरामाला मोडेम साधारण दोन सेकंद थांबतो हे खरं, पण तेव्हा त्यानं रिसीव्हर आधीच उचललेला असतो. म्हणजे लाइन मोकळी होण्याऐवजी आपण जुना कॉल धरून ठेवतो. थांबायचं ते रिसीव्हर खाली ठेवून. आम्ही लॉगिन डॉट कॉन्फिगमध्ये थेट कॉलबॅक न लिहिता एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. ती ‘सेटसिड’नं मागे एक काम सोडते आणि स्वतः संपते, त्यामुळे पहिली लाइन लगेच सुटते. मागचं काम ४० सेकंद झोपतं आणि मग ‘-एल’ पर्यायानं दुसऱ्या मोडेमचं पोर्ट देऊन कॉलबॅक चालवतं. सेटसिड नसेल तर लाइन सुटतानाच्या हँगअप सिग्नलनं ते मागचं कामही मरतं.

कॉलबॅकला नंबर न देता मोकळं सोडू नका. मग तो फोन करणाऱ्यालाच नंबर विचारतो, आणि तुमचा सर्व्हर कुणाच्याही सांगण्यावरून कुठेही, परदेशीही, फोन लावायला तयार होतो.

लॉगिन डॉट कॉन्फिगच्या आणखी दोन ओळी बघा. एक ऑटोपीपीपीची. पलीकडून लॉगिनच्या नावाऐवजी थेट पीपीपीचे पॅकेट येऊ लागले की एमगेटी ते ओळखतो आणि नाव न विचारता सरळ पीपीपीडी सुरू करतो. म्हणजे कॉलबॅक वगळून आत यायचं दार. दुसरी, अगदी शेवटची, तारांकनाची ओळ, जी यादीत नसलेल्या कुठल्याही नावाला साधं लॉगिन देते. कॉलबॅकशिवाय कुणी आत येऊ नये असं हवं असेल तर या दोन्ही ओळी बंद करा. ‘आमचं कॉलबॅक चालतं’ म्हणणाऱ्या दोन ठिकाणी मी या ओळी तशाच उघड्या बघितल्या.

डायलच होत नसेल, लॉगमध्ये ‘नो डायलटोन’ येत असेल, तर ऑफिसची लाइन ईपीएबीएक्समधून (ऑफिसच्या स्वतःच्या छोट्या एक्स्चेंजमधून) जाते का ते बघा. ईपीएबीएक्सचा टोन मोडेमला ओळखीचा वाटत नाही. ‘एक्स४’ऐवजी ‘एक्स३’ द्या: मग मोडेम टोनसाठी अडून बसत नाही, पण एंगेज मात्र ओळखतो. बाहेरच्या लाइनसाठी शून्य लागत असेल तर त्या शून्यानंतर एक स्वल्पविराम, आणि मग एसटीडी कोडाचं शून्य वेगळं. या दोन शून्यांत गल्लत झाल्यामुळे अडलेले दोन कॉलबॅक मी स्वतः बघितले आहेत.

पंपघरावर विंडोज असेल तर वरची स्क्रिप्ट उपयोगाची नाही. विंडोजला कॉलबॅक पीपीपीच्या आतच, सीबीसीपी या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीनं बोलायचा असतो. लिनक्सच्या पीपीपीडीत ‘कॉलबॅक’ नावाचा पर्याय दिसतो, पण तो आपण ग्राहक असताना उलटा फोन मागण्यासाठी आहे, देण्यासाठी नाही. यात लोकांचे दिवस जातात. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या प्रणालीच्या युजर-पीपीपीत मात्र सर्व्हरच्या बाजूचं सीबीसीपी आहे: ‘सेट कॉलबॅक’ आणि ‘सेट सीबीसीपी’, आणि प्रत्येकाचा नंबर पीपीपी डॉट सीक्रेट या फाइलच्या पाचव्या रकान्यात. विंडोजची यंत्रं बरीच असतील तर ऑफिसला फ्रीबीएसडी बसवणं सोपं पडतं.

तिसरी वेळ: फायबर

गेल्या खेपेला ऑफिसची तांब्याची लाइन जाऊन फायबर आलं. नंबर तोच राहिला, फोन आता फायबरच्या डब्याला जोडलेला. बोलताना आवाज पूर्वीपेक्षा स्वच्छ. कॉलबॅक मात्र पुन्हा बंद. हातानं करून बघितलं तरी तेच: घंटी वाजते, मोडेम उचलतो, ३१,२०० (बिट दर सेकंदाला) या वेगानं कनेक्ट होतो आणि मिनिटाभरात तुटतो.

फायबरवर आवाज पॅकेटमधून जातो. कानाला जे पुरतं ते मोडेमला पुरत नाही. पॅकेट जरा मागेपुढे झाली, एखादं हरवलं, की कानाला कळतही नाही, पण वेगवान मोडेमची जुळवणी मोडते. आवाज दाबून पाठवणारा कोडेक मध्ये असेल तर मोडेम जुळणारच नाहीत; न दाबता पाठवणारा जी.७११ असेल तर आशा आहे. उत्तर देणारा मोडेम सुरुवातीला २१०० हर्ट्‌झचा टोन देतो तो मधली प्रतिध्वनी घालवणारी यंत्रणा बंद करायला. आणि कॉलबॅकमध्ये उत्तर देणारा असतो पंपघराचा मोडेम, ऑफिसचा नाही. म्हणून पहिला फोन बरोबर जुळतो आणि उलटा जुळत नाही, असंही होऊ शकतं. दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासा.

आम्ही वेग कमी केला. दोन्ही मोडेमला ‘+एमएस’ आज्ञेनं व्ही.३२बिस या जुन्या मानकावर अडवलं, म्हणजे जास्तीत जास्त १४,४००. तेही वादळी रात्री डळमळायचं, म्हणून शेवटी ९,६०० वर स्थिरावलो. रात्रीच्या नोंदींची फाइल साधारण ४० किलोबाइटची असते. ९,६०० ला सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात, म्हणजे पाऊण मिनिटाचं काम. अगदी २,४०० ला उतरलो असतो तरी तीन मिनिटांत भागलं असतं. नोंदी पाठवायला ३३,६०० ची गरज कधीच नव्हती. आधीच अडवून ठेवलं असतं तर पावसाळ्यातले हालही कमी झाले असते.

फायबरचा आणखी एक परिणाम: पंपघरानं फोन ठेवल्यावर डब्याला ते कळून तो पोर्ट मोकळा करायला आता कमी-जास्त वेळ लागतो. ४० सेकंदांची झोप आम्ही ६० केली आणि पंपघराच्या चॅटचा टाइमआउट १८०.

एवढं करूनही अडलात तर विचारताना हे बरोबर द्या: मोडेमचे दिवे कोणत्या क्रमानं विझले, चॅटचा एक्झिट कोड, पंपघराचा सिस्लॉग आणि सर्व्हरच्या एमगेटीचा लॉग, दोन्ही एकाच रात्रीचे. एमगेटीचा डीबग आकडा (लॉग किती सविस्तर लिहायचा तो) किमान ४ ठेवा. आणि त्याआधी दोन्ही मशीनची घड्याळं जुळवून घ्या. आमच्या पंपघराचं घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं, आणि कुठला ‘नो कॅरियर’ कुठल्या फोनचा हे ठरवण्यात माझा अख्खा एक दिवस गेला होता.